गिळखड्ड्याचं पाणी

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आरोग्य खात्याचा एक माणूस आला. चर्चमागच्या झऱ्यापाशी त्याने ‘पाणी पिऊ नये’ अशी लोखंडी पाटी ठोकली आणि गाडीत बसून निघून गेला. त्या आठवड्यापासून रॉइस डिफोचं आणि माझं बोलणं बंद झालं.

तसं पाहिलं तर पाटीवर रॉइसचं नाव नव्हतं. ते घालायचं काम मी केलं. गेल्याच वर्षी त्याने झऱ्याच्या वरच्या अंगाला कोंबड्यांच्या दोन लांबलचक शेड बांधल्या होत्या. झरा माझ्या आजोबाच्याही आधीपासून वाहत होता आणि शेड काल आल्या. यात विचार करण्यासारखं मला काही दिसलं नाही. रविवारी चर्च सुटल्यावर लोक रिकामे कॅन हातात धरून त्या पाटीकडे बघत उभे होते. आमच्याकडे घरोघरी चहाला आणि लोणच्याला त्याच झऱ्याचं पाणी लागतं, नळाचं चालत नाही.

मी म्हणालो, “कोंबड्यांनी घाण करायची आणि आपण ती प्यायची.”

रॉइस माझ्या मागेच उभा होता. त्याने टोपी डोक्यावर ठेवली, बायकोला हाक मारली आणि तो गाडीकडे चालू लागला. मागे वळून काही बोलला असता तर बरं झालं असतं. मी तयारीत होतो.

तीस वर्षं आम्ही दोघं मिळून गवत उचलत आलो. गवत कापायचं यंत्र माझं, गठ्ठे बांधायचा बेलर त्याचा. ज्याचं गवत आधी तयार त्याचं शेत आधी, मग दुसऱ्याचं. कोणी किती राबलं हे कधी कुणी मोजलं नाही. आता जून तोंडावर आला होता. मी गवत कापू शकत होतो पण बांधू शकत नव्हतो, आणि तो बांधू शकत होता पण कापू शकत नव्हता. दोन्ही शेतांत गवत फुलोऱ्यावर येऊन उभं होतं. अजून दोन-तीन आठवडे गेले की ते दांडा धरणार आणि गाई त्याला तोंड लावणार नाहीत. मी रोज सकाळी धार काढून झाली की कुंपणाला टेकून आधी आपलं गवत बघायचो, मग त्याचं.

मी डॉइल हकबी. चाळीस गाई, एक म्हातारा बाप आणि एक बायको असा माझा पसारा आहे. बायको कॉलेजात जाते.

हसायचं त्याने आत्ताच हसून घ्यावं. गावाने दोन वर्षं हसून घेतलं आहे. आर्डिथने बावीस वर्षं इथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. शाळा बंद झाली, पोरं बसने काउंटीच्या मुख्य गावी जाऊ लागली, आणि एका सकाळी ती म्हणाली, “मी शिकायला जाणार.” मला वाटलं शिवण वगैरे असेल. तर ती पर्यावरणशास्त्र घेऊन बसली.

“ते काय असतं?” माझ्या बापाने विचारलं. त्याला सगळं गाव पॅप म्हणतं, मीही म्हणतो.

“जमीन, पाणी, हवा, झाडं,” आर्डिथ म्हणाली. “आणि आपण त्यांचं काय वाटोळं करतो ते.”

“त्याला पुस्तक कशाला लागतं पोरी? खिडकी आहे की.”

नैसर्गिक साधनसंपत्ती चालू होती तोवर घरात सगळं गोडीगुलाबीचं होतं. ती जेवताना मातीबद्दल सांगायची, बोटभर माती तयार व्हायला किती शतकं जातात ते. मला ते ऐकायला आवडायचं. शेतात नांगरताना मागे वळून बघायचो तेव्हा आठवायचं. मग जंगलं झाली, कोळसा झाला, पाणी झालं. नंतर प्रदूषणाचा धडा आला आणि ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघू लागली. कचऱ्याच्या धड्याला तर तिने वासरांचं वजन करायचा काटा थेट स्वयंपाकघरात आणला. आठवडाभर घरातून निघालेली प्रत्येक गोष्ट त्यावर चढली. दुधाच्या खोलीतल्या औषधांचे डबे चढले, फाटलेलं प्लॅस्टिक चढलं, माझे जुने गमबूटसुद्धा चढले, आणि ते अजून जुने झाले नव्हते. तिच्या तक्त्यात शेवटचा रकाना होता, ‘हे कुठे जातं?’

“खड्ड्यात,” पॅप म्हणाला.

“आणि तिथून पुढे?”

“पुढे कुठे? खड्ड्यात.”

आमच्या भागात जमिनीखाली चुनखडीचा दगड आहे, आतून पोखरलेला. पाऊस पडला की ओढे होत नाहीत, जमीनच पाणी पिऊन टाकते. जिथून पिते त्याला आम्ही गिळखड्डा म्हणतो. आमचा गोठ्यामागे आहे, अक्रोडाच्या दोन झाडांखाली, एखादं घर मावेल एवढा. तळाला दोन दगडांच्या मध्ये एक तोंड आहे आणि भर उन्हाळ्यातही त्यातून गार वारा येतो. माझ्या आजोबाने त्यात शेतातले दगड टाकले. पॅपने कुंपणाची तार, गाडीची चाकं, आजीची ओतीव लोखंडाची चूल टाकली. मेलेली वासरं आम्ही तिघांनीही टाकली. दुधाची खोली धुतलेलं पाणी त्यात जावं म्हणून मी स्वतः नळी पुरली होती आणि पाहुण्यांना ती मोठ्या कौतुकाने दाखवायचो. इथे प्रत्येकाकडे असा खड्डा आहे आणि प्रत्येकजण त्यात टाकतो. तीन पिढ्या टाकूनही आमचा भरला नाही, याचा आम्हाला अभिमान होता.

“आपल्याचं पाणी नदीकडे जातं,” पॅपने सांगितलं. “माझ्या बापाने त्यात भुसकट टाकलं होतं. ते नदीवर निघालं.”

“कोणी पाहिलं?”

“माझ्या बापाने सांगितलं.”

आर्डिथने रकान्यात काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

शेवटच्या सहामाहीत प्रत्येकाने आपल्या राहत्या जागेचा एक प्रश्न घेऊन काम करायचं होतं. तिने झरा घेतला. तिच्या बाई, क्वारल्सबाई, तिच्याहून वीस वर्षांनी लहान आहेत आणि तिला अहोजाहो करतात. त्यांनी राज्याच्या ऑफिसातून परवानगीचं पत्र आणवलं आणि रंगाच्या पुडीचे दोन डबे दिले. पुडीने अपाय काही होत नाही, गाईने प्यायली तरी चालते. एक रंग एका गिळखड्ड्यात सोडायचा, दुसरा दुसऱ्यात. चर्चच्या झऱ्यात आणि नदीकाठच्या झऱ्यात कोळशाच्या पुरचुंड्या जाळीत बांधून टांगायच्या. कोळसा रंग धरून ठेवतो. कुठल्या झऱ्यात कुठला रंग आला यावरून कोणाचं पाणी कुठे जातं ते कळतं.

एवढं ऐकून मी दोन वेळा जास्त जेवलो.

“लाल रंग रॉइसच्या खड्ड्यात ना?”

“लाल त्याच्या. हिरवा आपल्या.”

“आपल्या कशाला?”

“दोन्हीकडे नाही टाकला तर तो अभ्यास नाही डॉइल, ती चहाडी.”

रॉइसला विचारायला तीच गेली, ब्लॅकबेरीच्या जॅमची बरणी घेऊन. परत आली तेव्हा मी मुद्दाम बादली घासत होतो.

“हो म्हणाला,” ती म्हणाली. “मला काय टाकायचं ते टाक म्हणाला. तुला एक निरोप आहे.”

“काय?”

“रंग बघायला डोळे उघडे लागतात म्हणावं.”

हे मला झोंबलं. त्याच दिवशी मी पेंडीच्या दुकानात गेलो. तिथे स्टोव्हभोवती उन्हाळ्यातसुद्धा चार माणसं बसलेली असतात. त्यांच्यासमोर मी म्हणालो, “झरा लाल झाला तर रॉइसने शेड रिकाम्या कराव्यात. आणि हिरवा झाला तर माझ्या खड्ड्यातला एकूणएक डबा मी माझ्या हाताने वर काढीन. रॉइसने खुर्ची टाकून बघत बसावं.” संध्याकाळपर्यंत हे चर्चच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलं. माझ्या जिभेला हाड नाही असं आर्डिथ म्हणते आणि तिचं बरोबर आहे.

परवानगीचं पत्र यायला उशीर झाला, म्हणून रंग सोडायचा दिवस जूनच्या पहिल्या गुरुवारी ठरला. सकाळची धार उरकून मी गोठ्यात आलो तर आर्डिथने कामाच्या बाकावर दोन बरण्या मांडून ठेवल्या होत्या. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर तिने दोन्हींत चिमूट-चिमूट पूड मोजून घातली होती. एवढीच पुरते, ती म्हणाली. इतका थोडा रंग डोळ्यांना दिसणारही नाही, कोळसा तेवढा पकडेल आणि बाई तो दिव्याखाली बघतील.

नेमकं तेच मला पटत नव्हतं. कोणाला दिसणारच नसेल तर त्या लाल रंगाचा उपयोग काय? क्वारल्सबाईंचा दिवा पेंडीच्या दुकानात कोण बघणार?

ती बूट घालायला घरात गेली. बरण्यांवर आणि डब्यांवर तिने एक आणि दोन असे आकडे लिहिले होते, रंगाचं नाव कुठेच नव्हतं. पण नाव हवं कशाला? एका बरणीत काळपट हिरवी चकाकणारी पूड होती, भुंग्याच्या पाठीसारखी. दुसरीत विटेची भुकटी असावी तशी लाल. मी दोन नंबरचा डबा फळीवरून काढला आणि विटेच्या रंगाची पूड त्या बरणीत ओतली. पाऊण डबा ओतला असेल. झाकण लावलं, हात पँटला पुसले आणि शिट्टी वाजवत ट्रॅक्टरकडे गेलो. मला कसलीही लाज वाटली नाही. उलट आपण बायकोच्या अभ्यासाला हातभार लावला असं वाटलं.

आधी रॉइसच्या खड्ड्यावर गेलो. मी पाण्याची टाकी ओढून नेली. रॉइस कुंपणापलीकडे हाताची घडी घालून उभा होता. आर्डिथने पहिली बरणी उघडली, ती भुंग्याच्या रंगाची. मी म्हणालो, “अगं, ही नव्हे.”

“हीच.”

तिने ती चिमूटभर पूड बादलीत टाकून काठीने ढवळली आणि पाणी बीट शिजवल्यासारखं लालभडक झालं.

म्हणजे मी पाऊण डबा ओतला होता तो आमच्याच खड्ड्याच्या बरणीत. रॉइस कुंपणावरून वाकून बघत म्हणाला, “छान रंग आहे आर्डिथ.” माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याला सगळं कळलं असतं, कारण माझ्या तोंडावर काही लपत नाही.

आमच्या खड्ड्यावर पॅप आधीच खुर्ची घेऊन बसला होता. आर्डिथने दुसरी बरणी हातात घेतली आणि ती तोलून बघितली.

“ही एवढी भरलेली नव्हती.”

“दमट हवेत पूड फुगते,” मी म्हणालो आणि अक्रोडाच्या झाडाकडे बघू लागलो. त्याला त्या वर्षी बरीच फळं धरली होती.

तिने पूड बादलीत ओतली. असा हिरवा रंग मी जन्मात पाहिला नव्हता. कोवळ्या गव्हाचा नाही, गवताचा नाही, बादलीच्या आत कोणी दिवा लावावा तसा. ओतताना तोंडापाशी दगड हिरवे झाले, माझ्या आजोबाने टाकलेले गोटे हिरवे झाले. मग टाकीचं पाणी सोडलं आणि सगळं गडगड करत आत गेलं.

“गेलं नदीला,” पॅप म्हणाला.

मी मनाशी तेच घोकत होतो. आपलं पाणी नदीला जातं. आजोबाने भुसकट टाकून बघितलं होतं.

पुस्तकातल्या हिशोबाने रंग झऱ्यावर यायचाच असेल तर मंगळवारच्या आत येणार नव्हता. म्हणून रविवारची कोणी काळजी केली नाही. रविवारी पॅपचा बाप्तिस्मा होता.

हा माणूस चौऱ्याऐंशी वर्षं पाण्यात उतरला नव्हता. माझी आई त्याच्या मागे लागून लागून गेली. दर वर्षी त्याचं एकच उत्तर असायचं, पाणी गार आहे. या हिवाळ्यात तो अकरा दिवस दवाखान्यात पडून होता. घरी आल्यावर पायमोजे घालताना मला म्हणाला, “जूनमध्ये जरा कोमट असेल नाही?” मी बाहेर जाऊन गोठ्यात थोडा वेळ उभा राहिलो. ब्रदर एमेटने, म्हणजे आमच्या पाद्रीने, जूनचा पहिला रविवार ठरवला. त्या लोखंडी पाटीचं काय, असं कोणीतरी विचारलंच. ब्रदर एमेट म्हणाला, “पाटी पिऊ नका म्हणते. आपण पिणार नाही.”

शुक्रवारी दुपारी ढग आले आणि शनिवारी सकाळपर्यंत पाऊस कोसळत राहिला. गोठ्यामागे पाण्याचा लोट खड्ड्यात शिरताना दिसत होता. आर्डिथ खिडकीत उभी राहून तो बघत होती आणि बोटांवर काहीतरी मोजत होती. तिने पुन्हा एकदा मोजलं आणि मक्याच्या पावाचं पीठ भिजवायला घेतलं.

रविवारी ऊन पडलं होतं. झरा खडकाच्या कपारीतून निघतो आणि कमरेएवढ्या खोल दगडी कुंडात पडतो. काठावर सगळं गाव उभं होतं, रॉइस आणि त्याची बायको पलीकडच्या काठाला. लोक गाणं म्हणत होते. पॅपने पांढरा शर्ट घातला होता, आईने इस्त्री करून ठेवलेल्यांपैकी शेवटचा. अनवाणी, ब्रदर एमेटचा दंड धरून तो एक-एक पाऊल टाकत पाण्यात गेला. त्याच्या नडग्या पांढऱ्या आणि बारीक होत्या. मी त्या कित्येक वर्षांत पाहिल्या नव्हत्या.

ब्रदर एमेट डोळे मिटून प्रार्थना करू लागला. तो लांब प्रार्थना करतो.

आधी कपारीपाशी एक हिरवी रेघ दिसली. मला वाटलं शेवाळ असेल. मग ती जाड झाली, कुंडात उतरली आणि पसरत पॅपच्या कमरेपर्यंत आली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी गाणं थांबवलं, मग त्यांच्या मागच्यांनी. शेवटी फक्त मागे उभा असलेला एक बहिरा म्हातारा गात राहिला. पॅपने खाली पाहिलं.

“एमेट,” तो म्हणाला, “आटप.”

ब्रदर एमेटने डोळे न उघडताच त्याला मागे झुकवलं आणि बुडवलं. वर काढलं तेव्हा शर्ट हिरवा होता, केस हिरवे, मिशा हिरव्या, आणि उन्हात ते सगळं चमकत होतं. पॅपने डोळे पुसले, आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले आणि काठावर मला शोधून काढलं.

“डॉइल,” तो म्हणाला, “हा आपला रंग ना?”

मी म्हणालो, “हो पॅप.”

मग कोणीतरी हसलं आणि सगळे हसले, ब्रदर एमेटसुद्धा. रॉइस हसला नाही. तो कुंडाकडे बघत होता, मग त्याने माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा टोपी डोक्यावर ठेवून निघाला. तो हसला असता तर मला एवढं लागलं नसतं.

घरी येताना पॅप मागच्या सीटवर टॉवेल गुंडाळून बसला होता, अगदी खुशीत. मी गाडी सावकाश चालवत होतो.

“आर्डिथ, मी त्या बरणीत जास्तीची पूड घातली होती.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“गुरुवारपासून. तुझी पँट मीच धुते. पाणी लागल्याबरोबर मांडीवर दोन हिरवे पंजे उमटले.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू सांगशील म्हणून थांबले. तीन दिवस लागले. बाईंना मी शुक्रवारीच कळवलं. आता किती रंग गेला नि किती आला याचा हिशोब करता येणार नाही. पण वाट खरी आहे, आणि वेळही. तेवढं मोडलं नाहीस.”

मी माफी मागितली. ती म्हणाली, “माझी मागून झाली. आता दुसऱ्या कोणाची तरी राहिली आहे.”

पुढच्या आठवड्यात क्वारल्सबाईंच्या दिव्याखाली रॉइसचा लाल रंग नदीकाठच्या पुरचुंडीत निघाला. चर्चच्या झऱ्यात त्याचा टिपूसही नव्हता. नदीला जायचं ते त्याचं पाणी होतं. आर्डिथच्या अहवालात तिसऱ्या पानावर एक ओळ आहे, ‘विद्यार्थिनीच्या पतीने मोजमापाशिवाय रंगात भर घातली.’ वर्गात ती मोठ्याने वाचली गेली असं कळलं. पॅपचा शर्ट तिला वर्गात दाखवायला हवा होता, पण पॅपने दिला नाही. म्हणाला, मला यातच पुरा, देवाने मला पाहिलं तेव्हा मी हाच घातला होता.

पण हे सगळं मागाहून. सोमवारी सकाळी मी पहिलं काम केलं ते दुधाच्या खोलीची नळी उखडायचं. हातभर खणलं की माझ्याच हाताने जोडलेला नळीचा एकेक सांधा सापडत होता, नीट पक्का बसवलेला. मग मी रॉइसच्या दारात गेलो. जाताना वाटेत पाच-सहा वाक्यं जुळवली होती. त्याने दार उघडलं आणि त्यातलं एकही आठवेना.

“उद्यापासून काढतोय,” मी म्हणालो. “खुर्ची घेऊन ये.”

“माझ्याकडे खुर्ची आहे,” रॉइस म्हणाला.

आणि तो खरंच आला. अक्रोडाखाली घडीची खुर्ची टाकली, थर्मास बाजूला ठेवला आणि पायावर पाय टाकून बसला. मी दोराने खाली उतरायचो, तार तोडायचो, डबे पोत्यात भरायचो आणि ट्रॅक्टरने ओढून वर आणायचो. वर आर्डिथ काटा मांडून बसली होती. काय निघालं, किती वजनाचं, कोणाच्या काळातलं, हे ती वहीत लिहीत होती. कोणाच्या काळातलं ते पॅप सांगायचा. “हा डबा माझा. ही तार बापाची. ही बाटली... ही पण माझीच, आणि तिच्याबद्दल विचारू नको.”

मग हाडं निघाली. वासरांच्या कवट्या, लहान-लहान. त्यांच्यावरून वाहत आलेलं पाणी आम्ही लोणच्यात घातलं होतं, चहाला उकळलं होतं, आणि मी त्या पाण्याचं पाप तीस वर्षांच्या दोस्तावर टाकलं होतं. खाली वाकून मी ती एक-एक पोत्यात ठेवत होतो आणि वर माझी नजर जात नव्हती.

रॉइस बोलला नाही, हसला नाही, टोमणा मारला नाही. दुपारी डबा उघडून खायचा, कागद घडी करून खिशात घालायचा. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. माझे खांदे भरून आले होते, हाताला तारेचे ओरखडे होते. संध्याकाळी तो खुर्ची मिटून निघाला की मी दोन्ही शेतांतल्या गवताकडे बघायचो. टोकं पिवळी पडू लागली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी आजीची चूल लागली. तोंडापाशीच ती दोन दगडांत अडकून बसली होती, आणि तिच्यामागे अडकलेल्या सगळ्याला तिनेच धरून ठेवलं होतं. मी गुडघ्यांवर बसून साखळी ओढून घेतली. खालून मला वरचं काही दिसत नव्हतं, फक्त आभाळ आणि अक्रोडाची पानं. कदाचित म्हणूनच जमलं.

“रॉइस,” मी वर न बघता म्हणालो, “मी जे बोललो ते खोटं होतं. माहीत नसताना बोललो. चर्चसमोर बोललो, तर रविवारी चर्चसमोर उभा राहून परत घेईन.”

वर खुर्ची कुरकुरली. मला वाटलं, उठून गेला. मी साखळीचा आकडा अडकवला आणि ट्रॅक्टर चालू करायला आर्डिथला हाक मारणार, तेवढ्यात माझ्या शेजारी माती घसरली आणि दोन बूट येऊन उभे राहिले.

रॉइस खाली वाकून साखळी बघत होता.

“चुलीच्या पायाला बांधलीस,” तो म्हणाला. “ओढली की पाय तुटेल आणि ही अख्खी चूल तुझ्या छाताडावर येईल.”

“मग?”

“मग काय? माझं गवत कोण कापणार?”

मी आकडा सोडवला आणि साखळी त्याच्या हातात दिली.